वर बर्फ होतोय, खाली दूध नासतंय: गॅस भरायच्या आधी एवढं बघा

ताई, तुमची अडचण मला समजली ती अशी: दोन दारांचा फ्रॉस्ट फ्री (बर्फ आपोआप वितळवणारा) फ्रीज, साधारण अडीचशे लिटरचा, सात वर्षं वापरात. आठवडाभरापासून खालच्या भागात कूलिंग नाही. रात्री ठेवलेलं दूध सकाळी नासतं, कोथिंबीर दोन दिवसांत काळी पडते. वरच्या फ्रीझरमध्ये मात्र बर्फाचे खडे होतायत. मेकॅनिक आला, कॉम्प्रेसरला हात लावला, बाजूच्या पत्र्याला हात लावला आणि "गॅस गेलाय, साडेतीन हजार होतील" म्हणाला. आता गॅस भरावा की त्यात थोडे घालून नवीनच घ्यावा, हा तुमचा प्रश्न.

आत्ता तरी दोन्ही करू नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला गॅसचा संशय सगळ्यात कमी येतो. तुमच्या फ्रीजमध्ये थंडी तयार होतेय, ती खाली पोचत नाहीये. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि खर्चही वेगळा. मी चिपळूण-रत्नागिरी पट्ट्यात हेच काम करत आलोय, आणि "वर बर्फ, खाली गरम" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या दोन दारांच्या फ्रीजमध्ये गॅसचा दोष क्वचितच निघतो.

तुमच्या प्रकारच्या फ्रीजमध्ये थंड होणारी कॉइल एकच असते. ती फ्रीझरच्या मागच्या प्लॅस्टिकच्या पॅनलआड लपलेली असते, म्हणून आपल्याला दिसत नाही. तिच्याजवळ एक छोटा पंखा असतो. तो कॉइलवरची गार हवा फ्रीझरमध्ये फेकतो आणि त्यातलाच थोडा वाटा एका नळीवाटे खाली सोडतो. खालच्या भागाला स्वतःची कॉइल नसते, तो पूर्णपणे त्या हवेवर जगतो. हवा अडली की पहिला बळी खालचा भाग. फ्रीझर कॉइलला चिकटूनच असल्यामुळे पंखा बंद पडला तरी बरेच दिवस बर्फ करत राहतो. म्हणूनच घरच्यांना वाटतं की वरचं बरोबर चाललंय.

खरं तर वरचंही तेवढं बरोबर नसतं. एक करून बघा. फ्रीझरमध्ये आइस्क्रीम असेल तर त्यात चमचा घाला. चमचा सहज आत गेला तर फ्रीझरही कमी पडतोय. पाण्याचा बर्फ शून्याखाली गेलं की होतो, पण आइस्क्रीम दगडासारखं राहायला उणे पंधरा-अठरापर्यंत जावं लागतं. त्यामुळे बर्फाच्या खड्यांपेक्षा मी नेहमी आइस्क्रीमची साक्ष काढतो.

मॉडेलवर बरंच अवलंबून असतं, हेही सांगून ठेवतो. काही महागड्या फ्रीजमध्ये वर-खाली वेगवेगळ्या कॉइल असतात, काहींत खालच्या हवेचं झाकण मोटरवर चालतं, काही फ्रीझरचा फ्रीज करून देणारे असतात. मी पुढे जे लिहितोय ते साध्या, एका कॉइलच्या, वर फ्रीझर असलेल्या फ्रीजला धरून.

आता फुकटात बघण्यासारखं आधी बघू. फ्रीझरमध्ये एक गोल किंवा सरकतं बटण असेल, त्यावर कमी-जास्त लिहिलेलं असतं. बऱ्याच मॉडेलमध्ये ते बटण थंडी वाढवत नाही. ते फक्त हवेची वाटणी करतं. ते "जास्त"वर केलं की फ्रीझरला जास्त हवा आणि खाली कमी. मे महिन्यात कुणीतरी कुल्फीसाठी ते शेवटपर्यंत फिरवतं, मग खाली दूध टिकेना झालं की फ्रीज बिघडला म्हणून फोन येतो. ते मधोमध आणा. मग फ्रीझरच्या मागच्या भिंतीवरच्या आणि खालच्या भागातल्या हवेच्या जाळ्या बघा. मटाराच्या पिशव्या, खोबऱ्याचे डबे, मासळीचे पुडे जाळीला टेकवून ठेवले असतील तर चार बोटं पुढे घ्या. खालच्या काचेच्या फळ्यांवर नक्षीचे प्लॅस्टिकचे मॅट कडेपासून कडेपर्यंत अंथरले असतील तर काढून टाका. हवा फळीच्या पुढून-मागून खाली उतरते, मॅटने ती वाट बुजते. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. कुठेही सुळकन निघाली तर तिथून बाहेरची हवा आत जातेय. रबर कोमट साबणपाण्याने पुसून सुकवलं की पुष्कळदा परत धरतं.

एवढ्याने भागलं तर उत्तमच. पण तुमची तक्रार हळूहळू वाढत गेलेली दिसते, म्हणून पुढचं वाचा.

पंखा ऐका. फ्रीझरचं दार उघडून कडेचं दाराचं बटण बोटाने दाबून धरा, म्हणजे फ्रीजला वाटतं दार बंद आहे. कॉम्प्रेसर चालू असताना आतून वाऱ्याचा आवाज यायला हवा. आवाज नाही म्हणजे पंख्याची मोटर गेली असेल किंवा पाती बर्फात अडकली असतील. खरखर घासल्यासारखा आवाज आला तर पात्यांना बर्फ लागतोय. एकच खबरदारी: हे कॉम्प्रेसर चालू असतानाच बघायचं. बऱ्याच फ्रीजमध्ये दोन्ही एकत्रच बंद होतात, आणि विश्रांतीच्या वेळी कान लावून "पंखा जळालाय" असं ठरवणारे मी पाहिलेत.

पंखा फिरतोय आणि तरी खाली हवा नाही, तर नव्वद टक्के कॉइल बर्फाने बुजलीय असं मी धरून चालतो. कॉइलवर घरातल्या हवेतला ओलावा दंव होऊन बसतो. तो वितळवायला कॉइलखाली एक हीटर असतो. दर काही तासांनी कॉम्प्रेसर थांबतो, हीटर थोडा वेळ तापतो, दंवाचं पाणी होऊन मागच्या नळीने कॉम्प्रेसरवरच्या तबकात उतरतं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. ही साखळी कुठेही तुटली की दंव साचत जातं, त्याचा बर्फ होतो आणि कॉइलच्या पातळ पत्र्यांमधली फट बंद होते. मग पंखा कितीही फिरला तरी ते गोधडीतून फुंकर मारल्यासारखं होतं.

आता मुख्य गोष्ट. कोणताही मेकॅनिक असो, त्याने गॅसचं नाव काढण्याआधी फ्रीझरच्या मागचं पॅनल उघडून तुम्हाला कॉइल दाखवली पाहिजे. चार-पाच स्क्रूंचं काम आहे. कॉइल स्वतःच सांगते. ती पूर्ण पांढरी, बर्फाची वीट झालेली असेल तर दोष बर्फ वितळवणाऱ्या साखळीत आहे आणि गॅस व्यवस्थित आहे, कारण गॅस कमी असता तर एवढा बर्फ धरलाच नसता. सगळ्या कॉइलवर एकसारखं पातळ दंव आहे आणि पंखा गप्प आहे, तर पंखा बघायचा. पण कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन वेढ्यांवरच दंव आहे, बाकीची कॉइल कोरडी आहे, आणि कॉम्प्रेसर तासन्‌तास न थांबता चालतोय, तर मग गॅस कमी असल्याचा किंवा गॅसची बारीक नळी चोक झाल्याचा संशय घ्यायला आधार आहे. बाहेरून पत्र्याला हात लावून यातलं काहीच कळत नाही. हल्लीच्या फ्रीजची गरम नळी बाजूच्या पत्र्याआड असते, त्यामुळे बाजू कोमट लागणं हे चांगलंच लक्षण आहे.

एक अडचण इथे येते. मेकॅनिक येईपर्यंत तुम्ही फ्रीज बंद करून सगळा बर्फ वितळवलात तर पुरावाच वाहून जातो. म्हणून एक काय ते ठरवा. भरवशाचा मेकॅनिक एक-दोन दिवसांत येणार असेल तर फ्रीज तसाच चालू ठेवा आणि पॅनल निघाल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढा. कुणी मिळत नसेल तर घरीच एक चाचणी होते: प्लग काढा, दोन्ही दारं सताड उघडी ठेवा, खाली जुनी फडकी अंथरा, मागचं तबक भरून वाहतंय का ते अधूनमधून बघा आणि चोवीस तास तसंच राहू द्या. घाई असेल तर समोर टेबलफॅन लावा. सुरी, उलथनं, उकळतं पाणी यातलं काही वापरू नका. मग चालू करून अर्धा-एक दिवस द्या. खालचा भाग पूर्वीसारखा गार झाला आणि आठवडा-दोन आठवड्यांनी परत तेच सुरू झालं, तर निदान झालं. कॉइल पुन्हा बुजली, म्हणजे हीटरच्या साखळीत बिघाड आहे. गॅस गेलेला फ्रीज चोवीस तास बंद ठेवून सुधारत नाही. (मधूनच गार, मधूनच गरम असा खेळ गॅसच्या बारीक नळीत पाणी अडकल्यानेही होतो, पण तेव्हा फ्रीझरही सोबतच उतरतो.)

साखळीतला नेमका कुठला भाग गेला हे मीटर लावून शोधायचं असतं, अंदाजाने सगळेच भाग बदलायचे नसतात. हीटर दीडशे वॅटचा असेल तर मीटरवर साधारण साडेतीनशे ओहम दिसायला हवेत. काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय. कॉइलला क्लिपने लावलेली छोटी चकती म्हणजे बायमेटल. ती थंडीत जोडते आणि गरम झाली की तोडते. नवशिके इथे हमखास फसतात. बर्फ वितळवून झाल्यावर, चकती खोलीच्या तापमानाला आलेली असताना ते मीटर लावतात, जोडणी दिसत नाही, आणि चांगली बायमेटल बदलतात. ती कॉइलवर गारठलेली असतानाच तपासायची, नाहीतर बर्फ-मिठात बुडवून. जोडीला एक थर्मल फ्यूज असतो. तो उडालेला सापडला तर तो का उडाला ते शोधायचं, कारण बायमेटल चिकटून राहिली की हीटर तापतच राहतो. फ्यूजच्या जागी साधी वायर जोडून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, तो फ्यूज आग लागू नये म्हणून आहे. जुन्या मॉडेलमध्ये हे सगळं एक टायमर चालवतो, नव्यात सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड. कार्ड महाग पडतं, म्हणून ते गेलंय असं कुणी म्हणालं तर आधी सेन्सर आणि हीटर तपासलेत का हे विचारा.

आमच्याकडे या तक्रारी पावसाळ्यात वाढतात. हवा इतकी दमट असते की प्रत्येक वेळी दार उघडलं की आत ओलावा जातो. हीटर अर्धवट काम करत असेल तर उन्हाळ्यात तो कसाबसा निभावतो आणि जुलैत हार मानतो. त्यात गणपतीत पाहुणे आले की दार मिटतच नाही. तुमच्याकडे हे नेमकं कधी सुरू झालं, पाऊस लागल्यावर का, तेही आठवून बघा.

समजा, पॅनल उघडलं आणि कॉइल खरंच कोरडी निघाली. मग गॅसबद्दल बोलू. फ्रीजमधला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत असतो, वीस वर्षंही तोच राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा त्याच वाटेने जातो, आणि तुम्ही दर उन्हाळ्यात तेवढेच पैसे पुन्हा देता. फ्रीजच्या आत किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवर कुठला गॅस आणि किती ग्रॅम ते छापलेलं असतं. सात वर्षांपूर्वीच्या फ्रीजमध्ये बहुधा आर-600ए असेल, म्हणजे आयसोब्युटेन. हा ज्वलनशील असतो, आणि पूर्ण फ्रीजला तीस ते साठ ग्रॅमच्या आसपासच लागतो. एवढ्याशा मापात दहा ग्रॅमची चूक म्हणजे मोठी चूक. म्हणून तो वजनकाट्यावर मोजूनच भरावा लागतो. आर-12 या जुन्या गॅसच्या काळात दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा बघून, कॉइलवर दंव कुठवर येतंय ते पाहून गॅस भरायची पद्धत होती, आणि तिच्यावर हात बसलेले कारागीर अजून तसंच करतात. तो गॅस ओझोनच्या कारणाने भारतात 2010 पासून बंद झाला, सवय मात्र गेली नाही. आर-600एवर अंदाजपंचे काम चालत नाही.

आणखी एक भानगड आहे. या गॅसवर फ्रीज चालू असताना थंड बाजूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. तिकडे छिद्र पडलं तर गॅस बाहेर यायच्या आधी बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. नुसता गॅस टाकला तर आतली हवा आणि पाणी तसंच राहतं, आणि महिन्याभरात नळी चोक. त्यामुळे रीतसर काम म्हणजे नायट्रोजनने दाब देऊन गळती शोधणं, ती बुजवणं, नळीतला ओलावा शोषणारा फिल्टर नवा टाकणं, व्हॅक्यूम पंपाने नळ्या पूर्ण रिकाम्या करणं आणि मग मोजून गॅस. यातलं "फिल्टर बदलणार का" आणि "वजनकाटा आणलाय का" एवढं दोनच विचारा. समोरच्याच्या चेहऱ्यावरून तुम्हाला बाकीचं कळेल. घरच्या सिलिंडरचा गॅस स्वस्तात भरून देतो म्हणणारेही भेटतात, त्यांना उभंही करू नका.

समुद्रकाठच्या घरांत गळती पुष्कळदा पत्र्याआडच्या, फोममध्ये गाडलेल्या नळीत निघते. खाऱ्या हवेने गंज धरतो. ती नळी काढता येत नाही, मग मागच्या बाजूने नवीन कंडेन्सर, म्हणजे गरम नळ्यांची जाळी, लावून देतात. काम चालतं, पण फोममध्येच थंड बाजूची नळी फुटली असेल तर मी त्या फ्रीजवर खर्च करा असं सांगत नाही.

एका दाराच्या साध्या फ्रीजवाल्यांसाठी थोडं, कारण "कूलिंग बंद"चे बाकीचे फोन त्यांचेच असतात. थर्मोस्टॅटच्या नॉबच्या मधोमध बर्फ वितळवायचं बटण असतं. ते चुकून दाबलं गेलं की बर्फ वितळेपर्यंत कॉम्प्रेसर चालूच होत नाही, दिवा मात्र लागतो. आधी ते बघा, आणि नॉब शून्यावर नाही ना तेही. दर दोन-चार मिनिटांनी मागून "टक" आवाज येतो, क्षणभर घुं होतं आणि परत शांतता, असं असेल तर कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि ओव्हरलोड (कॉम्प्रेसर जळू नये म्हणून लावलेला भाग) त्याला थांबवतोय. रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग) गेला असेल, ओव्हरलोड गेला असेल, व्होल्टेज पडलं असेल किंवा कॉम्प्रेसरच आत अडकला असेल. पहिल्या दोघांना काहीशे रुपये लागतात, म्हणून कॉम्प्रेसरचा निकाल द्यायच्या आधी रिले बदलून बघायचाच. व्होल्टेज तर मी घरात शिरल्याबरोबर मोजतो. मे महिन्यात संध्याकाळी एकशे सत्तरपर्यंत उतरलेलं असतं आणि सगळे फ्रीजला शिव्या देत असतात. प्लग काढला की लगेच परत लावू नका, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, म्हणजे नळ्यांतला दाब उतरतो.

आणि बर्फाच्या कप्प्यात चिकटलेली ट्रे सुरीने काढू नका. तो ॲल्युमिनियमचा पत्रा म्हणजेच कॉइल असते, तिच्यात गॅस फिरतो. सुरी लागली, फुस्स आवाज आला, तर खिडक्या उघडा, गॅस पेटवू नका, जवळचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका आणि लांबच्या मेन स्विचवरून लाइट बंद करा. चांगला चाललेला फ्रीज एका मिनिटात भंगारात जाण्याचं हे सगळ्यात मोठं कारण मी पाहिलंय.

ताई, दुरुस्ती होईपर्यंत खालच्या भागाचा भरवसा धरू नका. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर घालून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा. सकाळी चार-पाच अंश दिसले तर ठीक, आठ-दहाच्या वर असेल तर शिजवलेलं अन्न, मासळी, दूध तिथे ठेवू नका. घरात कुणाचं इन्सुलिन असेल तर "खाली गरम आहे" म्हणून ते फ्रीझरमध्ये ढकलू नका. त्याला दोन ते आठ अंश लागतात आणि एकदा गोठलं की ते टाकून द्यावं लागतं. शेजारच्या फ्रीजमध्ये ठेवा.

राहिला नवीन घ्यायचा प्रश्न. हीटर, बायमेटल, सेन्सर किंवा पंखा निघाला तर सात वर्षांच्या फ्रीजवर हा खर्च बिनधास्त करा, त्यात अजून बरीच वर्षं आहेत. भाव तुमच्या गावावर आणि मॉडेलवर ठरतो, पण तुम्हाला सांगितलेल्या साडेतीन हजारांपेक्षा तो बहुधा कमीच पडेल. इलेक्ट्रॉनिक कार्ड निघालं तर किंमत विचारून मग ठरवा. कॉम्प्रेसर निघाला तर आधी बिल शोधा. बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरला दहा वर्षांची हमी देतात, मात्र गॅस आणि मजुरी त्यात सहसा धरलेली नसते. फोममधल्या थंड बाजूच्या नळीची गळती निघाली तरच दुकानात चक्कर मारा.

मेकॅनिकला फोन कराल तेव्हा "कूलिंग होत नाही" एवढंच सांगू नका. "वर बर्फ होतो, खाली हवा येत नाही, पंख्याचा आवाज येतो" किंवा "येत नाही" असं सांगा, आणि मॉडेल नंबर वाचून दाखवा. म्हणजे तो गॅसच्या बाटलीऐवजी मीटर आणि बायमेटल घेऊन येईल.